सीमेपलीकडे रक्त पाठवावे का? लाईम आजार आणि त्याची तपासणी

नागपूरच्या एका वस्तीतून एका ताईंचे पत्र आमच्याकडे आले. त्यांची मुलगी शिष्यवृत्तीवर कॅनडात, ओंटारिओ प्रांतात शिकते. जुलैमध्ये मैत्रिणींबरोबर ती तळ्याकाठच्या जंगलात फिरायला गेली. आठ-दहा दिवसांनी मांडीवर एक चट्टा उठला, थोडा ताप आला, अंग दुखले. कॉलेजजवळच्या दवाखान्यात दाखवले तर "किडा चावला असेल" म्हणून मलम दिले. तिने आग्रह धरला म्हणून रक्त घेतले. अहवाल निगेटिव्ह. सप्टेंबर उजाडला तरी थकवा जाईना आणि एक गुडघा सुजू लागला. बरोबरच्या मुली म्हणाल्या, "हा लाईम आजार आहे, इथल्या तपासणीत तो सापडत नाही, सीमेपलीकडे अमेरिकेत रक्त पाठव." खर्च काही शे डॉलर, डॉक्टरची फी धरली तर त्याहून जास्त. ताईंनी शेवटी एकच ओळ लिहिली होती: गळ्यातले गहाण ठेवू का?

आम्ही ताईंना फोन केला तेव्हा पहिले सांगितले, गहाण ठेवू नका, दोन दिवस थांबा. पण नुसते "थांबा" म्हणून आईचा जीव थाऱ्यावर येत नाही. म्हणून जे त्यांना समजावून सांगितले तेच इथे सविस्तर देत आहोत. आपल्यातली बरीच मुले-मुली आता परदेशी शिकायला जातात. आणि जी जात नाहीत त्यांच्याही घरी "टायफॉइड निघाला" असा कागद वर्षातून एकदा तरी येतोच. दोन्हींचा संबंध आहे, तो पुढे सांगू.

लाईम हे गावाचे नाव. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात लाईम आणि ओल्ड लाईम अशी दोन गावे शेजारी-शेजारी आहेत. १९७०च्या दशकात तिथल्या बऱ्याच लहान मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टर म्हणत, लहानपणचा संधिवात आहे. पण एकाच रस्त्यावरच्या इतक्या मुलांना संधिवात कसा? हा प्रश्न डॉक्टरांनी नाही, दोन आयांनी विचारला. पॉली मरे आणि ज्युडिथ मेन्श. त्यांनी आजारी मुलांची नोंद ठेवली आणि आरोग्य खात्याच्या मागे लागल्या. त्यानंतर १९७५ मध्ये येल विद्यापीठाचे डॉ. अ‍ॅलन स्टीअर चौकशीला आले. पुढे १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखा पिळदार जंतू सापडला. त्यांच्याच नावावरून त्याला बोरेलिया बर्गडॉर्फेरी म्हणतात.

हा जंतू पसरवते ती गोचीड आपल्या गाई-म्हशींवर दिसणारी नव्हे. ती काळ्या पायांची, लहान जातीची असते. तिची पिल्ले तर खसखशीच्या दाण्याएवढी, आणि चावा बहुतेक वेळा तीच घेतात. चावताना दुखत नाही. काख, जांघ, गुडघ्यामागची खळगी, केसांचे मूळ अशा जागी ती चिकटून बसते. साधारण एक दिवसाहून जास्त वेळ चिकटून राहिली तर जंतू माणसाच्या अंगात उतरण्याचा धोका वाढतो. त्याआधी काढली तर धोका फार कमी. कॅनडात ही गोचीड पूर्वी ओंटारिओच्या लाँग पॉइंटसारख्या मोजक्या ठिकाणी होती. हिवाळे सौम्य होत गेले, पक्ष्यांच्या अंगावर बसून ती उत्तरेकडे सरकली. २००९ मध्ये, म्हणजे देशभर नोंद सुरू झाली त्या वर्षी, कॅनडात १४४ रुग्ण नोंदले गेले. २०१९ मध्ये हा आकडा अडीच हजारांवर गेला.

चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत, बहुतेकदा आठवड्याभरात, तिथे चट्टा उठतो. तो दिवसेंदिवस पसरत जातो, तळहाताहून मोठा होतो. खाज फारशी नसते, दुखतही नाही. दहापैकी सात-आठ जणांना हा चट्टा येतो. कधी मध्यभागी फिका पडून तो निशाणाच्या वर्तुळासारखा दिसतो, पण प्रत्येक वेळी तसा दिसतोच असे नाही.

इथे आम्हाला थोडे थांबायचे आहे. पुस्तकांत आणि भिंतीवरच्या तक्त्यांत या चट्ट्याची जी चित्रे असतात ती जवळजवळ सगळी गोऱ्या कातडीवरची. गोऱ्या कातडीवर तो लालभडक दिसतो. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर तो लाल दिसत नाही. जांभळट, तपकिरी, कधी नुसता काळसर डाग, मार लागून काळेनिळे झाल्यासारखा. अमेरिकेत काळ्या रुग्णांचा आजार उशिरा ओळखला जातो, आणि ते डॉक्टरकडे पोचतात तेव्हा त्यांच्यात सांधे सुजलेले किंवा नसांवर परिणाम झालेले जास्त आढळतात, हे तिथल्याच अभ्यासांत नोंदले आहे. ताईंच्या मुलीला मलम देणाऱ्या डॉक्टरने काय पाहिले आणि काय पाहिले नाही हे आम्ही सांगू शकत नाही. पण आपल्या मुलांनी डॉक्टरसमोर स्पष्ट बोलायला शिकले पाहिजे: माझ्या कातडीवर लाली दिसत नाही, हा डाग चार दिवसांत एवढा वाढला आहे, पेनाने कडेने रेघ मारली होती, आता रेघेबाहेर गेला आहे, हा पाहा रोजचा फोटो.

आता तपासणीकडे येऊ.

लाईमची नेहमीची तपासणी जंतू शोधत नाही. जंतूशी लढायला आपले शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, ती शोधते. ही तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून चट्टा उठल्यावर आठ-दहा दिवसांत रक्त दिले तर निम्म्याहून अधिक खऱ्या रुग्णांचा अहवालसुद्धा निगेटिव्ह येऊ शकतो. तपासणी खोटे बोलली असे नाही, तिला विचारायची वेळच आली नव्हती. विस्तव पेटवल्यावर दोन मिनिटांत भाकरी मागितली तर तवाच अजून तापलेला नसतो, तसे हे. म्हणूनच पसरता चट्टा समोर दिसत असेल तर जाणकार डॉक्टर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात. आणि चट्टा नसेल, शंका राहिली असेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. ताईंच्या मुलीचे दुसरे रक्त कोणी घेतलेच नव्हते. "निगेटिव्ह" हा शब्द ऐकून दोन्हीकडची माणसे गप्प बसली.

तपासणी दोन पायऱ्यांत होते. पहिली पायरी जाळे टाकण्याची. ती थोडी सैल ठेवलेली असते, म्हणजे खरा रुग्ण सुटू नये. त्यात कधी दुसराच मासा येतो. म्हणून पॉझिटिव्ह किंवा अर्धवट आलेल्या रक्ताची दुसरी, कडक पायरी करतात. जुन्या पद्धतीत या दुसऱ्या पायरीत एका पट्टीवर रेषा उमटतात, एकेक रेषा म्हणजे जंतूच्या एकेका प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड. १९९४ मध्ये अमेरिकेत डिअरबॉर्न येथे तज्ज्ञांची परिषद झाली आणि नियम ठरला: जुन्या संसर्गासाठी १० पैकी निदान ५ रेषा हव्यात. २०१९ पासून अमेरिकेत दुसरी पायरीही जाळ्यासारख्याच पण वेगळ्या चाचणीने करण्याला मान्यता मिळाली आहे, त्याने सुरुवातीचे रुग्ण थोडे जास्त सापडतात.

पाचच रेषा का? एक-दोन का नाही? यातली ४१ क्रमांकाची रेषा घ्या. ती जंतूच्या शेपटीसारख्या भागाविरुद्धची. तसा भाग इतर कितीतरी जंतूंना असतो, आपल्या तोंडात राहणाऱ्या काही जंतूंनाही. म्हणून लाईम कधीच न झालेल्या पुष्कळ माणसांच्या रक्तात ती रेषा उमटते. वस्तीत चोरी झाली आणि कोणी म्हणाले चोराने निळा सदरा घातला होता, तर निळा सदरा घातलेल्या प्रत्येक पोराला पकडायचे का? सदरा, उंची, चाल, आवाज, चेहऱ्यावरचा व्रण, पाच खुणा जुळल्या तर गोष्ट वेगळी.

आता सीमेपलीकडच्या तपासणीची गोम कळेल. अमेरिकेतल्या सरकारी आणि मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळा जवळपास तीच पद्धत वापरतात जी कॅनडात वापरतात. पूल ओलांडला म्हणून रक्त बदलत नाही. फरक आहे तो काही खासगी प्रयोगशाळांचा. त्यांनी आपल्या घरचे नियम केले आहेत, कमी रेषांवर पॉझिटिव्ह म्हणायचे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये चार प्रयोगशाळांची तुलना छापली. त्यात एका खास प्रयोगशाळेच्या घरच्या नियमांप्रमाणे निरोगी माणसांपैकीही अर्ध्याहून जास्त पॉझिटिव्ह ठरली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने तर २००५ मध्येच पारख न झालेल्या लाईम चाचण्यांबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती.

साधा हिशेब करून पाहू. समजा १००० थकलेल्या, अंग दुखणाऱ्या माणसांत खरा लाईम १० जणांना आहे. चाचणी त्या सगळ्या १० जणांना पकडते, पण बाकीच्या ९९० पैकी शंभरात ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. म्हणजे जवळपास ५० जण चुकीचे. पॉझिटिव्ह कागद हातात असलेल्या ६० पैकी खरे रुग्ण फक्त १०. शंभरात पाचच चुकणारी चाचणी ऐकायला किती चांगली वाटते! आणि जी अर्ध्या निरोगी माणसांना पॉझिटिव्ह म्हणते तिचे काय?

हे आपल्याला परके वाटायला नको. आपल्याकडे ताप आला की कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये विडाल करतात आणि "टायफॉइड निघाला" म्हणून सलाईन लागते. विडाल चाचणी १८९६ सालची. तीही प्रतिपिंडेच पाहते. ज्याला पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला, लस घेतली, किंवा दुसराच ताप आहे, त्याचीही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. एकाच वेळच्या विडालवर टायफॉइड ठरवणे बरोबर नाही, रक्ताचे कल्चर त्याहून भरवशाचे. आमच्या ओळखीच्या घरांत अशा कागदांवर हजारो रुपये गेले आहेत, आणि खरा ताप मलेरियाचा किंवा डेंग्यूचा होता.

लोक तरीही सीमा का ओलांडतात? ते भोळे आहेत म्हणून नाही. कॅनडात बरीच वर्षे कित्येक डॉक्टर म्हणत राहिले की आमच्या भागात लाईम नाहीच, तुम्ही परदेशी गेला होता का? रुग्ण वर्षानुवर्षे हिंडले. "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असे ऐकले. त्या रागातून लोक संघटित झाले, खासदार एलिझाबेथ मे यांनी विधेयक मांडले आणि २०१४ मध्ये लाईमबाबत राष्ट्रीय आराखडा करण्याचा कायदा झाला. ज्याचे ऐकून घेतले जात नाही तो दुसऱ्या दारात जातो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. औषध घेऊनही १०० पैकी ५ ते १० जणांचा थकवा आणि अंगदुखी महिनोन्‌महिने राहते हेही खरे आहे. त्यांचे दुखणे खरे आहे. खोटा आहे तो त्यावर विकला जाणारा कागद.

तो कागद हातात आला की पुढे काय होते हे जास्त गंभीर. काही डॉक्टर महिनोन्‌महिने शिरेतून अँटिबायोटिक देतात. चांगल्या रीतीने केलेल्या चाचण्यांत, २००१ मध्ये अमेरिकेत आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये, लांबवलेल्या औषधाचा टिकाऊ फायदा दिसला नाही. उलट शिरेत ठेवलेल्या नळीतून जंतू शिरून रक्तात विष झाल्याच्या आणि त्यात माणसे दगावल्याच्या नोंदी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या. आणि थकव्याचे खरे कारण, थायरॉइड असो, रक्त कमी असणे असो, की दुसरा संधिवात असो, ते तसेच राहून जाते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. कॅनडाच्या पासपोर्टवाल्याला पूल ओलांडून अमेरिकेतल्या बफेलोला जाणे सोपे. भारतीय पासपोर्टवर शिकणाऱ्या मुलीला त्यासाठी अमेरिकेचा वेगळा व्हिसा लागतो. म्हणून बहुतेक जण रक्त कुरिअरने पाठवतात. विद्यार्थ्यांच्या विम्यात असा खर्च धरला आहे का, हे आधी पॉलिसी वाचून पाहावे. उलट प्रांतातल्या डॉक्टरने मागवलेली नेहमीची तपासणी प्रांताच्या आरोग्य प्रयोगशाळेत होते, आणि विमा असेल तर खिशातून सहसा काही जात नाही. तिथे शंका राहिली तर विनिपेगची राष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा देशासाठी आहे. युरोपात फिरून आला असाल तर डॉक्टरला जरूर सांगा, तिकडचे जंतू जरा वेगळ्या जातीचे आणि त्यांची चाचणीही वेगळी मागवावी लागते.

ताईंच्या मुलीला आम्ही तीन प्रश्न लिहून दिले. मला दुसरे रक्त कधी घ्याल? माझ्या कातडीवरचा चट्टा तुम्ही कशावरून लाईमचा नाही म्हणता? गुडघ्यातले पाणी तपासायची गरज आहे का? ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. चट्टा तोवर गेला होता आणि तिच्या जुन्या फोनबरोबर फोटोही गेले होते. पण जुलैमध्येच तिने आईला व्हॉट्सअ‍ॅपवर "हे बघ गं माय काय झालं" म्हणून दोन फोटो पाठवले होते, चार दिवसांच्या अंतराचे. ते ताईंच्या फोनमध्ये तसेच होते. ताईंनी परत पाठवले. दुसऱ्या फोटोत डाग दुप्पट झालेला स्पष्ट दिसत होता. डॉक्टरने फोटो पाहिले, गुडघा पाहिला, रक्त पुन्हा घेतले आणि गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. हा लेख छापायला जाईपर्यंत दुसरा अहवाल यायचा आहे. गळ्यातले गळ्यातच आहे.

गोळ्या म्हणजे डॉक्सीसायक्लीन. साधी, जुनी आणि स्वस्त. चट्ट्याच्या अवस्थेत १० दिवस पुरतात, सांधा सुजला असेल तर महिनाभर द्याव्या लागतात. गरोदर बाईसाठी आणि काही जणांसाठी दुसरे औषध असते, ते डॉक्टरच ठरवतील. ओंटारिओत २०२३ पासून गोचीड चावल्यावर ठराविक परिस्थितीत औषध-दुकानातला फार्मासिस्टही प्रतिबंधक डोस लिहून देऊ शकतो, मात्र गोचीड काढल्यापासून ७२ तासांच्या आत. गोचिडीचा फोटो "ईटिक" या मोफत सेवेला पाठवला तर ती कोणत्या जातीची हे तिथले तज्ज्ञ सांगतात. प्रत्येक गोचीड लाईमची नसते.

आता आपल्या घराकडे. भारतात लाईमच्या नोंदी तुरळकच आहेत, त्यामुळे वस्तीत कुणाला लाईमची तपासणी सुचवली तर आधी कारण विचारा. पण गोचीड आणि तिच्या जातभाईंचे आजार इथेही आहेत. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसने माणसे दगावली. तो गोचिडीमुळे नाही, डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक किड्यामुळे होतो. हा किडा झुडपात, वाढलेल्या गवतात, उंदरांच्या अंगावर असतो. ताप, डोकेदुखी, आणि अंगावर कुठेतरी बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली. ती काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेच्या नाडीखाली लपलेली असते, दुखत नाही, म्हणून बाया सांगत नाहीत आणि डॉक्टर पाहत नाहीत. पाच-सहा दिवस ताप उतरत नसेल तर घरातल्या बाईने आडोशाला अंग नीट पाहावे आणि खपली दिसली तर लाज न धरता दाखवावी. इथेही औषध तेच, डॉक्सीसायक्लीन, आणि इथेही अहवालाची वाट पाहत औषध थांबवायचे नसते.

दक्षिण कोकणात माकडताप आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली तेव्हा तो ओळखला गेला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात तो आला, काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांना झाला. दोडामार्ग तीन राज्यांच्या सीमेवर. तिथला आजारी माणूस गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो. म्हणजे सीमा ओलांडण्यात वाईट काही नाही. रुग्ण किंवा रक्त कोण पाठवतो, कुठल्या प्रयोगशाळेत, आणि त्या अहवालावर इकडचा डॉक्टर विश्वास ठेवणार आहे का, एवढे पाहायचे.

अंगावर गोचीड दिसली तर रॉकेल, तंबाखू, चुना, बिडीचा चटका यातले काहीही लावू नका. त्याने ती आणखी लाळ सोडते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. जागा साबणाने धुवा. गोचीड चिकटपट्टीखाली दाबून त्या कागदावर तारीख आणि कुठे चावली ते लिहून ठेवा. पुढचा महिनाभर ताप आला तर तो कागद डॉक्टरकडे बरोबर न्या.